काठीचा बाक

आमच्याकडे थंडी आधी कानांना कळते. नोव्हेंबरात एखाद्या सकाळी घरातलं कोणीतरी खिडकीतला एसी बंद करतं आणि घर एकदम गप्प होतं. एप्रिलपासून डोक्यात घरघरणारा तो आवाज थांबला की वाटतं, अगं बाई, इतके महिने आपण एकमेकांशी ओरडूनच बोलत होतो की काय! मग हळूहळू बाकीचे आवाज परत येतात. खालच्या कॅफेटेरियातल्या कपबशा, पाइपावरची कबुतरं, समोरच्या टेम्पोवाल्याचं घाईचं "यल्ला, यल्ला". यंदा माझी लेक शेरॉन डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "ममा, व्हाय इज इट सो क्वाएट?" मी म्हटलं, "थंडी आली बाळा." तर म्हणते, "इट्स नॉट इव्हन कोल्ड." आता शारजात वाढलेल्या पोरीला काय सांगणार, कप्पाळ!

थंडी आली की मासळी बाजारात सुरमई येते. इथले लोक तिला कनाद म्हणतात. उन्हाळाभर हमूर आणि शेरी हे इथले मासे खाऊन कंटाळलेली आमची वसईची माणसं मग शुक्रवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एकच विषय काढून उभी राहतात, कुठे मिळाली, केवढी मिळाली. मी त्यांच्यात उभी असते, पण माझं लक्ष नसतं. मला पप्पांचा हिवाळा आठवत असतो.

चार-पाच वर्षं झाली असतील त्याला. पप्पा म्हणजे माझे वडील, वसईच्या बंदरावरचे, सगळा जन्म होडीवर गेलेला. लिहिताना मी 'ते' म्हणतेय, पण आमच्यात बापाला तोंडावर तूच म्हणतात. आदल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र अर्ध्या वाटेतच थांबला. बोटं मिटायची पण त्यांत पकड नव्हती, आणि शेंड्यांना काही कळायचंच नाही. गरम कप लागला तरी नाही. भावाचा फोन आला, "पप्पा बंदरावर जात नाय गो. होडी आली तरी खाटेवरून उठत नाय. तुझ्याकडे घेऊन जा." पीटरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, व्हिजिट व्हिसा काढला.

विमानतळावर पप्पा बाहेर आले ते उजवा हात खिशात घालूनच. तो हात मग आमच्या घरातही खिशातच राहिला. शर्टाच्या गुंड्या लावायला नकोत म्हणून दिवसभर बनियन. मी माशाचा काटा काढून दिला तर ताट सरकवलं, "मी काय तान्हा आहे?" सगळ्यांची जेवणं झाल्यावर ते एकटे स्वयंपाकघरात जायचे आणि भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने जेवायचे. मी दाराआड उभी राहून ऐकायची. ताटात वाटी आपटल्याचा आवाज आला की मी आत जायला पाऊल उचलायची आणि परत मागे घ्यायची. खरं सांगते, मला भीती वाटायची. हा माणूस जगण्यावरचं मन काढून घेतोय, आणि तेही माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, असं वाटायचं.

पीटर तेव्हा हमरिया फ्री झोनमधल्या एका फायबरच्या कारखान्यात होता. कारखाना पाइप करायचा आणि एका कोपऱ्यात गळाच्या काठ्या. तयार काठी नव्हे, नुसता ब्लँक. ना मूठ, ना कड्या, ना रीळ, फक्त आतून पोकळ, निमुळती होत गेलेली नळी. तो घरी आला की त्याच्या कपड्यांना डिंकासारखा गोडसर वास यायचा आणि त्याचे कपडे मी वेगळे धुवायची. एकदा चुकून चादरीबरोबर धुतले, तर काचेच्या बारीक धाग्यांनी आख्खं घर आठवडाभर अंग खाजवत होतं.

मला त्याचं काम बघायला एकदाच मिळालं, पण ते अजून डोळ्यांपुढे आहे. एका टोकाला जाड, दुसऱ्याला सुईसारखी बारीक अशी पोलादी सळई. डिंक पाजलेलं कापड, काचेच्या धाग्यांचं नाहीतर काळ्या कार्बनचं, पताकेसारखं तिरकं कापलेलं. त्या पताकेची कड सळईला चिकटवायला पीटर चक्क इस्त्री फिरवत होता. मी म्हटलं, "घरी एक शर्ट इस्त्री करत नाहीस, आणि इथे?" सगळे हसले. मग सुरळीची वडी गुंडाळतात तसं ते कापड घट्ट गुंडाळायचं, वरून पट्टी आवळायची, भट्टीत टांगायचं आणि निघाल्यावर सळई ओढून काढायची. आत राहते ती पोकळी आणि बाहेर काठी. पण त्या पोकळीवरच सगळं असतं म्हणे. सळई किती जाड, कापड कोणतं, किती वेढे, निमुळतेपणा सावकाश की झटकन, एवढ्यावरून काठी कुठे वाकणार हे तिच्या जन्माआधीच ठरतं.

"पप्पांना मासे धरायला नेऊ या," पीटरच एका संध्याकाळी म्हणाला. पप्पांनी ऐकलं आणि नाक मुरडलं. "काठीने मासे धरतात ती सुट्टीवर आलेली साहेब लोकं. आम्ही तंगूस बोटावर घेतो. मासा पहिला बोटाला समजतो." एवढं बोलून ते आपल्या खिशाकडे बघत राहिले. तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. ती त्यांच्या बोटावरून आयुष्यभर इतकी धावली होती की तिथे एक कायमची खाच पडली होती. मी लहानपणी त्या खाचेत माझं नख ठेवून बघायची.

पीटर ऐकणाऱ्यांतला नाही. गल्फमध्ये राहणाऱ्या आमच्या माणसांची एक खोड आहे, प्रेम म्हणजे दुकानातलं सगळ्यात भारी काय ते. सासऱ्याला काठी द्यायची तर ती उंची कार्बनचीच हवी, असं त्याने ठरवून टाकलं. परदेशी ऑर्डरीतून उरलेल्या कापडाची त्याने एक काठी केली. काळीभोर, पिसासारखी हलकी, आणि ताठ म्हणजे किती ताठ! हलवली तर टोक थरथरून लगेच जागच्या जागी उभं राहायचं. पप्पांनी विचारलं, "केवढ्याची?" पीटरने दिरहममध्ये सांगितलं. पप्पांनी मनात हिशेब मांडायला सुरुवात केली तशी मी म्हटलं, "पप्पा, रुपयांत करू नकोस. जेवण जायचं नाही."

इथल्या हिवाळ्यात पहाटेचं धुकं पडतं ते वाळवंटातून चालत येतं आणि समुद्रावर येऊन बसतं. रस्ता दिसत नाही, समोरच्या गाडीचे दोन लाल दिवे तेवढे तरंगत असतात. हमरियाच्या लाटा अडवणाऱ्या बांधावर आम्ही त्या शुक्रवारी गेलो तेव्हा समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. बांधावर शेजारी एक म्हातारे स्थानिक गृहस्थ बसले होते, अबू सालेम. इकडच्या जुन्या माणसांसारखं त्यांना हिंदी छान यायचं. त्यांनी आमची काठी हातात घेतली, टोक जमिनीला टेकवून दाबून बघितलं आणि हसले. "हबीबी, ये बहुत सख्त है. मछली तुमको पकड़ेगा."

आणि अगदी तसंच झालं की हो! पप्पांनी काठी डाव्या हातात धरली आणि रीळ फिरवायला खिशातला उजवा काढला. मासा लागला. काठी वाकलीच नाही. एवढ्या लांब दांड्याच्या टोकाला बसलेला तो हिसका सरळ पप्पांच्या मनगटात आला. उजव्या हाताची बोटं रिळावरून घसरली, दुसरा हिसका बसला आणि काठी पप्पांच्या हातातून सुटून धुक्यात गेली. पाण्यात पडल्याचा आवाज आला तो इतका लहान की दुसरंच काही पडलं असावं असं वाटलं.

अबू सालेमनी नजर दुसरीकडे वळवली, भला माणूस. पप्पांनी हात परत खिशात घातला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पीटर, तिकीट बघ माझं." पीटर म्हणाला, "पप्पा, काठी काय, दुसरी करू." "काठीचं नाही सांगत मी," पप्पा म्हणाले, "मला घरी जायचंय." त्या दिवशी मिस्साला गेले नाहीत. सोफ्यावर आडवे होऊन वरच्या पंख्याकडे बघत राहिले, आणि पंखा तर बंद होता. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

पीटरला झोप आली असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आला तो डोक्यात काहीतरी शिजवतच. जेवणाच्या टेबलावर त्याने वर्तमानपत्राच्या दोन सुरळ्या केल्या. एक बारीक आणि घट्ट, एक जाडी आणि पोकळ. "दाब," मला म्हणाला. बारीक सुरळी लगेच वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. जाडी ताठ उभी राहिली, ताठ उभी राहिली, आणि मग मधोमध अशी काही मोडली की परत सरळ झाली नाही. कागद तेवढाच, वजन तेवढंच. "मी त्यांना ही दिली," जाड्या सुरळीकडे बोट दाखवून म्हणाला.

"मला तुमचं शास्त्र कळत नाही. माझ्या भाषेत सांग."

त्याने लांब दांड्याची पळी घेतली, डाळीच्या पातेल्यात बुडवून भरली आणि माझ्या हातात अगदी शेवटच्या टोकाला धरायला दिली. मनगट भरून आलं. मग म्हणाला, आता दांड्याच्या मधे धर. हात हलका झाला. "ताठ काठी म्हणजे मासा सगळी लांबी घेऊन तुझ्या मनगटावर बसतो. काठी वाकली की मासा तेवढा तुझ्याजवळ आला. तेवढाच भार कमी." मी पळीतली डाळ पातेल्यात ओतली आणि म्हटलं, "मग नुसती काचेची कर. मऊ. वाकू दे बिचारी." तो डोकं खाजवायला लागला. अडचण तिथेच होती. काचेची काठी वाकते खरी, पण जड असते, आळशी असते. मासा तिकडे तोंड लावतो आणि इकडे मुठीपर्यंत काही पोचत नाही. आणि ज्याच्या बोटांनाच कळत नाही त्याला असली मुकी काठी देऊन काय उपयोग!

मग आमच्या पॅसेजमध्ये एक वेगळाच संसार सुरू झाला. पीटर ब्लँक घेऊन यायचा, जाड टोक दाराच्या चौकटीला शिकंज्याने आवळायचा, शेंड्याला पाण्याची बाटली टांगायचा आणि काठीला जो बाक येईल तो पेन्सिलीने भिंतीवर काढायचा. "अरे, भाड्याचं घर आहे," मी ओरडले. "सोडताना ही भिंत कोण रंगवून देणार? तुझा सासरा?" सासरा सोफ्यावरच होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

ते बाक मला फार आवडायचे, हे मात्र मी त्याला कधी सांगितलं नाही. एक फक्त टोकाशी वळणारा, मान तुकवल्यासारखा. एक मधूनच. एक अगदी बुडापासून, सावकाश, झोप लागताना माणसाचं अंग सैल पडतं तसा. दुपारी खिडकीतून उन्हाचा पट्टा भिंतीवर सरकायचा आणि एकेक बाक उजळून विझायचा. भात शिजत असायचा, रेडिओवर कोणीतरी अरबीत हळू बोलत असायचं. निवडायची भाजी तशीच ठेवून मी बघत बसायची. आम्ही अजून त्याच घरात राहतो आणि पॅसेजला अजून रंग दिलेला नाही. आता इथे मी वाकण्याबद्दल दोन शहाणपणाच्या गोष्टी लिहाव्यात अशी जागा आहे खरी. नाही लिहीत. वाकावं लागलेल्या माणसाला असलं काही ऐकवलं तर तो पळी फेकून मारेल.

पप्पांचं तिकीट मी निघू देत नव्हते. पीटर रोज म्हणायचा, "सीट नाहीत पप्पा, सीझन आहे." धडधडीत खोटं. पप्पांनाही ते कळत होतं. पण ते पॅसेजकडे बघायला लागले होते. एकदा न राहवून म्हणाले, "शेंडा जड आहे तुझा. म्हणून मुकी आहे." पीटर वळून बघत राहिला. तोही त्याच विचारापर्यंत आला होता. त्याने शेवटी काठी उलटी बांधायची ठरवली. साधारण रिवाज असा की ताकद बुडाला आणि मऊपणा शेंड्याला. पीटरने शेंड्याला कार्बन घेतलं, हलकं आणि ताठ, म्हणजे माशाने नुसता श्वास सोडला तरी निरोप निघावा. आणि पोट काचेचं, बारीक सळईवर, सावकाश निमुळतं, म्हणजे भार आला की सगळं अंग वाकावं. कारखान्यात सगळे हसले. "पीटरभाई, मास्टरपीस बनाया, पर उल्टा!"

मूठ मात्र त्याने नेहमीपेक्षा लांब ठेवली, कोपरापर्यंत जाईल इतकी. बोटांना कळत नसेल तर नसो. कोपराखालचा हात तर जिवंत होता ना.

काठी घरी आली तेव्हा पप्पांनी तिला हात लावला नाही. दोन दिवस ती कोपऱ्यात उभी. मग एका दुपारी मी मटार सोलत होते आणि पप्पा म्हणाले, "दे ती इकडे." त्यांनी खिशातून हात काढला, काठी त्याच्यावर आडवी घेतली आणि मूठ कोपराखाली दाबली. डोळे मिटले. "शेंड्याला टिचकी मार." मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नखाने हलकीच टिचकी मारली. "आली," ते म्हणाले. मी नुसतं बोट टेकवलं. "ही पण आली." मी काहीच न करता उभी राहिले. "काय गो, फसवतेस मला?"

त्यानंतर तो आमचा खेळच झाला. दुपारभर पप्पा डोळे मिटून बसायचे आणि मी शेंड्याशी. मी लोकरीचा धागा बांधून ओढायची, फुंकर मारायची, एकदा तर मटाराचा दाणा फेकला. ते ओळखायचे आणि सांगायचे, ही कोळंबी कुरतडतेय, हा खेकडा, हा मोठा आहे पण पोट भरलेला आहे. खोटं बोलत होते की खरं, देव जाणे. बाहेर थंडीचं पिवळं ऊन आणि आत हा म्हातारा, आमच्या हॉलमधल्या गालिच्यावर त्याचा आख्खा समुद्र. तिकिटाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

पुढच्या एका शुक्रवारी आम्ही परत बांधावर गेलो. पुन्हा तसंच धुकं. बांधावरचे दगड मोठाले, शेवाळलेले. पीटर हात द्यायला पुढे झाला तसा पप्पांनी त्याला असा काही डोळा दाखवला की तो बाजूला झाला. ते बसत, घसरत, कपडे माखून घेत एकटेच शेवटच्या दगडावर पोचले. अबू सालेम तिथेच होते. त्यांनी या काठीचा शेंडा हलवला, मग पोट वाकवून बघितलं, आणि "माशाल्ला" एवढंच म्हणाले.

बराच वेळ काही झालं नाही. सूर्य कुठेतरी वर येत होता, धुकं आतून उजळत होतं, पाणी आणि आकाश एकाच रंगाचं झालं होतं. मला वाटतं माझा डोळा लागला असावा. जाग आली ती रिळाच्या किंचाळण्याने.

काठी वाकली होती. शेंड्यापासून पोटापर्यंत, पोटापासून मुठीपर्यंत. माझ्या तोंडून "अगं आई गं!" निघालं. मूठ कोपराखाली दाबून पप्पा उभे होते, डाव्या हाताने रीळ फिरवत होते. मासा पळाला की काठी अजून खाली वाकायची, पप्पा थांबायचे. तो थकला की ती स्वतःच थोडी सरळ व्हायची आणि पप्पा तेवढीच दोरी घ्यायचे. ओढत होती ती काठी. पप्पा फक्त तिच्याबरोबर होते. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता आणि ते माशाला शिव्या देत होते, बंदरावरच्या, अस्सल, ज्या मी मिस्साच्या दिवशी इथे लिहू शकत नाही. झटक्यानंतर त्यांचा तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

मग त्यांचा खांदा थरथरायला लागला. पीटर धावला. "तू नको," पप्पा म्हणाले. "बाय, तू ये. दमलो मी. धर गो."

आमच्या बायका मासळी विकतात, सुकवतात, खारवतात. मी आईबरोबर पाटीशी बसले आहे, हजारो मासे कापले आहेत. पण दोरीला आमच्याकडे बाईचा हात लागत नाही. पाण्यातला जिवंत मासा मला कधी कळलाच नव्हता. मी मूठ धरली आणि त्या पोकळ नळीतून कोणीतरी माझ्याशी बोलायला लागलं, रागाने, जिवाच्या आकांताने. "सोड थोडी," पप्पा माझ्या कानाशी म्हणाले. "जाऊ दे त्याला. हां. आता घे." मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. दोन्ही असेल.

सुरमई होती. फार मोठीही नव्हती, खोटं कशाला बोलू. पीटरने तिला फडक्यात गुंडाळली, अबू सालेमनी थर्मासमधला गावा, म्हणजे अरबी कॉफी, कपात ओतून सगळ्यांना दिला, आणि धुकं विरून गेल्यावर आम्ही परत निघालो. दगड ओले होते. मी मुद्दाम पुढे चालले, मागे वळले नाही, कारण बघितलं की पप्पा चिडतात.

"बाय, थांब गो."

मी वळले. पप्पा दोन दगडांच्या फटीअलीकडे उभे होते आणि त्यांनी हात माझ्यापुढे केला होता. उजवा. उघडा, बोटं अर्धवट मिटलेली. मी तो दोन्ही हातांत धरला, जिवाच्या जोराने, सुटू नये म्हणून.

"एवढा दाबू नको," पप्पा म्हणाले, आणि मग आपल्याच हाताकडे बघत राहिले. "दुखतंय."